आत्याची पिशवी

आमच्यात कुणाची पिशवी रिकामी परत धाडत नाहीत. आई गेल्यावर मला वाढवणारी आत्या घाटघरहून जीपने नारायणगावला माझ्याकडे यायची, पिशवीत तांदूळ घेऊन. जाताना मी त्यात टोमॅटो नि द्राक्षं कोंबायची. त्या खेपेला वर गोळ्यांची एक पट्टीही घातली. कुणी सांगितलं होतं मला नसते उद्योग करायला?

गोळ्या माझ्या होत्या. माझं हृदय मधेच उधळायचं. पुण्याचे डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचे. म्हणाले, "उसाला पाणी देताना दारं धरतात, पाहिलंय ना? हृदयाच्या पेशींनाही बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत शिरलं की ठोका पुढं सरकतो. ही गोळी ती दारं थोडी अडवते. ठोके जितके भरभर, तितकी जास्त अडवते. मग भलत्या ठोक्याला वाट मिळत नाही." गोळ्या देण्याआधी त्यांनी माझं हृदय यंत्रावर नीट तपासलं होतं. कशाला, ते मी विचारलं नाही.

मला लई गुण आला. मी सगळ्यांना सांगत सुटले. आत्या म्हणाली, "बये, माझ्या बी छातीत धडधडतंय. दे की दोन."

"दोन काय, अख्खी पट्टी घे. सकाळी एक, संध्याकाळी एक." केवढा तो माझा तोरा!

पाचव्या दिवशी निरोप आला. भांडी घासता घासता आत्या बसल्या जागी कोसळली आणि गेली.

तेराव्याला तिच्या सुनेनं पिशवी माझ्या हातात दिली, रीतीप्रमाणे तांदूळ घालून. घरी येऊन ओतले तर तळाशी पट्टी निघाली. आठ गोळ्या काढलेल्या. चार दिवस, मी सांगितलं तसं, बिनचूक.

पट्टी घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "त्यांना आधी कधी छातीत कळ आली होती?"

आली होती. दोन वर्षांपूर्वी, भाताच्या लावणीत. गॅस म्हणून ओवा चावून ती दोन दिवस पडून राहिली होती.

"तो झटका असावा," ते म्हणाले. "झटक्यानं हृदयावर वण राहतो. तशा हृदयात हीच गोळी उलटते, ठोके पार बिघडवते. यानंच झालं, असं मात्र मी सांगू शकत नाही."

यानं झालं नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

मी अजून त्याच गोळ्या घेते. माझं हृदय अगदी सुरळीत चालतं, आणि मला त्याचा राग येतो. पिशवी दाराआडच्या खिळ्याला आहे. सुनेला ती परत द्यायचीय. रिकामी द्यायची नाही, नि तिच्यात काही घालायला माझा हात होत नाही.