विचारून प्यायलेलं पाणी

भरलेला रांजण लवंडायला पाटलाचे दोन सालगडी लागले. एकानं बुड उचललं, दुसऱ्यानं काठ धरला, आन् शाळेच्या पडवीतून सगळं पाणी अंगणात सोडून दिलं. दुष्काळाचं साल. मातीनं घटाघटा पिऊन टाकलं. तिला कोणी विचारलं न्हाई, तू कोणाची म्हणून.

मी खांबाला टेकून उभी होते. दोन्ही तळवे छडीनं सुजलेले. पाटील पायरीवर उभे राहून वरडत होते, "राखंनं घासा रांजण. आन् हिच्या मायला बलवा खडीवरून. शेन घेऊनच ये म्हनावं."

मी पाचवीत होते. माझा गुन्हा एवढाच, मी विचारून पाणी प्याले होते. इंग्रजीत विचारलं होतं. हो म्हटल्यावरच उठले होते.

गावाचं नाव सांगत न्हाई. कुरुंद्याच्या आन् शिरड शहापूरच्या मधलं कोणतंबी घाला, बराबर बसंल. तवा आमचा जिल्हा परभणी. विहिरी तळाला गेलेल्या. बाप काम हुडकत औरंगाबादेकडं गेलेला, त्याचा पत्ता न्हाई. माय दुष्काळी कामावर खडी फोडायची. वस्तीतली माझ्याबरोबरची सगळी लेकरं खडीवर गेली. वर्गात आमच्यातली मी एकटीच उरले. माय म्हणायची, "एक तरी राहू दे साळंत. समद्याईनी दगडच फोडायचे का?"

वस्तीनं कवाच धम्म घेतला होता. घरातले देव नदीत सोडले होते. पण गावासाठी आमी तेच. वर्गात माझी जागा दाराजवळ, घरून आणलेल्या पोत्यावर. रांजण पडवीत. त्याला लाकडी झाकण, वर पितळी गिलास. मी हात लावायचा न्हाई. गावातलं एखादं पोरगं पाणी प्यायला उठलं, की त्याच्या मागं जायचं, खाली उकिडवं बसायचं, ओंजळ तोंडाला लावायची. तो वरून ओतंल तेवढं प्यायचं. त्याला तहान न्हाई लागली, तर आपल्यालाबी लागली न्हाई असं समजायचं.

समदी शाळेत होती तवा आमी वस्तीच्या लेकरांनी एक शक्कल काढली होती. वड्याच्या काठाला चिंचेची दोन झाडं होती. शाळेत येताना खिसे भरून चिंचा आणायच्या आन् गावातल्या पोरांना वाटायच्या. टरफलासकट. टरफलात असलेल्या गोष्टीला इटाळ लागत न्हाई, असा गावाचा कायदा. चिंच, भुईमुगाची शेंग, बोंडातला कापूस, समदं चालतं. ती पोरं चिंच चोखायची, दात आंबायचे, घसा धरायचा, आन् तासाभरात उठायची पाणी प्यायला. आमी मागं. दुसऱ्याला तहान लावून आमी आमची तहान भागवायचो. लहानपणी ह्याचं मला लई हसू यायचं. वाटायचं, कसं फसवलं ह्याईला!

आता हसू येत न्हाई.

पाटलाचा रमेश वर्गाचा मॉनिटर. त्याला चिंच लई आवडायची. मी त्याला गाभुळलेल्या, गोड, निवडून द्यायचे. तो ओतताना खोडी काढायचा. धार नाकावर सोडायचा, नाहीतर मधीच हात आखडायचा आन् म्हणायचा, "झालं. पोट फुटंल तुझं." मी खोकत उठायचे. तरी दुसऱ्या दिवशी चिंचा घेऊन हजर. न्हाई तर काय करणार? घसा कोणाचा कोरडा पडायचा, माझाच ना.

इंग्रजी त्या वर्षीच सुरू झाली होती. शिकवायला सर आले, तालुक्याच्या गावचे, पांढऱ्या पँटीतले. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नव्हता. एकदा त्यांनी फळ्यावर दोन शब्द काढले, कॅन आन् मे. म्हणाले, "कॅन म्हणजे अंगात बळ असणं. मे म्हणजे मोठ्यांची परवानगी असणं. घोळ करू नका."

मग वाक्यं. "रमेश मे सिट हिअर. रमेश मे गो होम." रमेशला इथं बसायची मुभा, घरी जायची मुभा. मग त्यांची नजर दाराकडं आली. "शी कॅन कॅरी काउ डंग. शी कॅन ब्रेक स्टोन्स." ती शेण वाहू शकते. ती दगड फोडू शकते. वर्ग खदखदा हसला. माझं नाव त्यांनी घेतलं न्हाई, नुसतं 'शी' म्हणून बोट केलं. आन् मी? मी फुलून गेले! इंग्रजीत माझ्यावर वाक्य झालं होतं. घरी गेल्यावर मायलाबी म्हणून दाखवलं. तिला काय कळतंय, तिनं नुसती माझी अलाबला घेतली.

महिनाभर असंच. मे ची वाक्यं पुढच्या रांगेत वाटली जायची, कॅन ची माझ्या पोत्यापर्यंत यायची. वझं उचलणं, सरपण आणणं, सडा घालणं. मला येत होतं समदं. वाक्यंबी येत होती.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. पत्रे तापलेले. सर म्हणाले, "नुसती तोंडानं पोपटपंची नको. आज करून दाखवायचं. एकेकानं उभं राहायचं, विचारायचं, मे आय ड्रिंक वॉटर, सर? मी यस, यू मे म्हणालो की जाऊन पाणी प्यायचं आणि जागेवर येऊन बसायचं."

पोरं खूश. एकेक उठू लागलं. विचारायचं, जायचं, गिलास बुडवायचं, ओठ पुसत यायचं. मी बघत होते. सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात न्हाई. घरात घागर पालथी. वड्याच्या चिंचा संपत आलेल्या, त्या दिवशी मी मोकळ्या हातानं आले होते. म्हणजे आज मला कोणी ओतणार न्हाई, हे मला ठाऊक होतं.

रांगा संपल्या. सर टेबलावर वाकून हजेरी भरत होते. मान वर न करता म्हणाले, "नेक्स्ट."

मी उभी राहिले. "मे आय ड्रिंक वॉटर, सर?"

एक शब्द चुकला न्हाई.

"यस, यू मे," सर म्हणाले.

मी गेले. तुमी म्हणाल, एवढी अकरा वर्षांची घोडी, तुला कळत नव्हतं का? कळत होतं. मराठीत असतं तर माझे पाय उठले नसते. पण मला वाटलं, हे इंग्रजीचं वेगळं असंल. सायबाची भाषा. तिच्यात गाव न्हाई, वस्ती न्हाई. तिच्यात नीट विचारलं की मिळत असंल. मी झाकण काढलं. गिलास बुडवला. जन्मात पहिल्यांदा शाळेचं पाणी काठाला ओठ लावून प्याले. गार होतं. अर्ध्यावर आले तोच रमेश किंचाळला, "बाटवलं! सर, हिनं रांजन बाटवला!"

सर धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक. माझ्यापेक्षा तेच जास्त भ्याले होते, हे मला आज कळतं. हातातून गिलास हिसकायला गेले आन् मधीच थांबले. गिलासाला तरी कसा हात लावणार?

"तुला कोणी सांगितलं उठायला?"

"तुमी सर. तुमीच म्हनले यस, यू मे."

"अगं ते वाक्य होतं!" ते वरडले. "परवानगी नव्हती!"

मग छडी. मी हात पुढं करत राहिले. कारण काय ते मला समजत नव्हतं, आन् समजत नाही म्हणून रडूबी येत नव्हतं. रमेश बापाला बलवायला पळाला.

माय आली तवा रांजण रिकामा झाला होता. हाताच्या बोटांना खडीच्या चिंध्या बांधलेल्या. पदर तोंडाला. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. आधी तिनं त्या ओल्या अंगणाकडं बघितलं. सकाळी ती विहिरीवर घागर घेऊन बसली होती, कोणी दोन पोहरे वरून ओतंल म्हणून. कोणी ओतले न्हाई, तशीच खडीवर गेली होती. आन् इथं अख्खा रांजण जमिनीत जिरला होता.

"चूक झाली मालक. लेकरू हाय," ती म्हणाली. पाटलाच्या सावलीपासून लांब वाकली.

तिच्याकडून पडवी सारवून घेतली. माझ्या पायानं बाटलेली पडवी माझ्या मायच्या हातानं शुद्ध झाली. तिचा हात शेणात चालतो, शेण जमिनीला चालतं, पाण्याला तेवढा चालत न्हाई. हा हिशोब मी कोणाला विचारू? सर खिडकीतून बाहेर बघत होते.

पाटलानं निकाल दिला. उद्यापासून रोज सकाळी मी वर्गापुढं उभं राहायचं आन् इंग्रजीतच म्हणायचं, मला पाणी प्यायची परवानगी न्हाई. तरच बसायचं. न्हाई तर नाव कमी. वाक्य सरांनी तयार करून दिलं. आय मे नॉट ड्रिंक वॉटर. लई हळू आवाजात दिलं त्यांनी, पण दिलं.

चुलीपुढं मायनं विचारलं, "त्याचा मतलब काय व्हतो गं?"

मी सांगितलं.

तिनं चुलीत काडी सारली. मग म्हणाली, "म्हन. चार अक्षरं तर हायेत. तोंड झिजतंय का? बोलून मोकळी हो आन् शीक."

"म्या न्हाई म्हननार."

"काहून? म्या पाया पडले त्याच्या. तुला तोंडानं बोलाया काय व्हतंय?"

मी पडून राहिले. सारखं डोळ्यापुढं एकच, मी हे वाक्य बराबर म्हणीन. एक शब्द चुकणार न्हाई. तेच मला सोसत नव्हतं.

सकाळी उभी राहिले. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. रमेशच्या हातात माझ्याच परवाच्या चिंचेचं चोखलेलं बोटुक. सर म्हणाले, "म्हण." मी गप्प. सरांनी वाक्य स्वतः म्हणून दाखवलं, मी मागं म्हणावं म्हणून. मी गप्प. ते जवळ आले, पुटपुटले, "पोरी, म्हण आणि बस. माझीही नोकरी आहे." तरी गप्प. शेवटी ते चिडून इंग्रजीत म्हणाले, "कान्ट यू स्पीक?"

"आय कॅन, सर," मी म्हणाले.

"मग म्हण!"

"न्हाई म्हननार."

माझं पोतं मीच उचललं. नाव त्याच दिवशी कमी झालं. कोणी अडवलं न्हाई. वाटेत मला वाटत होतं, सर हाक मारतील. वस्तीचं वळण येईस्तोवर वाटत होतं. मारली न्हाई.

मग मीबी खडीवर. शी कॅन ब्रेक स्टोन्स! उन्हाचा तवा, हातात घण, पायाला चिरा. दुपारी सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, ती कोरडी घशात अडकायची. बैलगाडीतून पाण्याचं टिपाड यायचं. गावातल्या बाया स्वतः घ्यायच्या. आमच्या बायांनी एका कडंला बसायचं, मुकादमाचा माणूस वरून ओतायचा, त्याला सवड झाल्यावर. सरकारचं पाणी, सरकारचं काम, आन् ओंजळ तीच.

एके दिवशी तो माणूस झाडाखाली आडवा झाला. आमी बसलेलो. शेजारच्या बाईचं तान्हं रडून रडून गप झालं होतं. माय म्हणाली, "दादा, जरा पानी..." तो कूस बदलून झोपला. ती परत म्हणाली, "दादा..." मायचा तो आवाज. विहिरीवरचा, शाळेतला, तोच.

मी उठले. मायनं माझ्या परकराचं टोक धरलं, मी सोडवून घेतलं. टिपाडाजवळ गेले, डबडं बुडवलं आन् उभ्यानं प्याले. पोटभर. मग परत बुडवलं आन् त्या तान्ह्याच्या मायकडं नेलं. ती घेईना. मी डबडं तिच्या पायाशी ठेवलं.

मुकादम धावत आला. "ए! कोनाला इचारलं?"

"कोनालाच न्हाई."

"काहून इचारलं न्हाई?"

"इचारून बघितलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी आमच्या दोघींना कामावर घेतलं न्हाई. घरी मायनं मला बडवलं. मारून मारून तीच दमली, मग भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आपुन जगायचं कसं, सांग की." त्या साली आमी काय खाल्लं, कुठं कुठं गेलो, ते मायलाच ठाऊक. त्या तान्ह्याच्या मायनं ते पाणी प्यालं का सांडलं, तेबी मी मागं वळून बघितलं न्हाई.

पुढं वसतिगृहात राहून शिकले. पण गोष्ट शिकण्याची न्हाई. गावात माझं सामर्थ्य सगळ्यांना मान्य होतं, शेण उचला, दगड फोडा. परवानगी तेवढी त्यांनी स्वतःपाशी ठेवली होती, आन् नीट मागितली तर मिळंल असं मला शिकवलं होतं. मी नीट मागितली होती. एक शब्द चुकला नव्हता.

आता मागत न्हाई. जिथं पाणी आहे तिथं जाते, हातानं झाकण काढते आन् पिते. कोणाला रांजण लवंडायचा असंल, तर लवंडावा. मी दुसऱ्या रांजणाकडं जाईन.