सत्तेचाळिसावा उंदीर

साठे साहेब दार ढकलून आत आले तेव्हा ठोंबरे सत्तेचाळिसावा उंदीर मारत होता. आकडा मला माहीत आहे, कारण तो मोठ्याने मोजत होता.

"हे काय चाललंय?" साहेबांनी मला विचारलं.

"सर, कीबोर्ड ट्रेनिंग."

साहेब पडद्याकडे वाकले. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांच्या खोल्या होत्या. एका खोलीत @ असं चिन्ह, म्हणजे ठोंबरे, त्याला चिकटून R.

"हा R कोण?"

"उंदीर, साहेब," ठोंबरे अर्धवट उठत म्हणाला. "रॅट."

"त्याला का मारतोस?"

"पॉइंट मिळतात."

"उंदराचे किती मिळणार?"

"एक. पण जिना चढून वर गेलं आणि खाली आलं की उंदीर परत हजर. मग परत मारायचा."

साहेब सरळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "महिनाअखेर मला एक नाव पाहिजे. दोन नको." आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर, हा नियम वर्क्स मॅनेजरनाही होता.

आमचा कारखाना साजगावला आहे. पत्र्याचे ड्रम बनवतो. गेल्या वर्षी कंपनीने एक कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला मला घेतलं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, वर मुंबईचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स. कारखान्यात माझ्याशी सगळे अदबीने बोलायचे, म्हणजे जवळजवळ कोणीच बोलायचं नाही. मला ते सोयीचं होतं.

काम असं होतं. प्रत्येक मशीनचं एक हिस्टरी कार्ड असतं. दवाखान्यातला केसपेपर असतो तसंच. मशीन कधी बंद पडलं, काय बदललं, का बिघडलं. अशी कित्येक वर्षांची कार्डं ट्रंकांमध्ये होती, तेलाच्या बोटांचे ठसे असलेली. ती कॉम्प्युटरमध्ये भरायची. त्यासाठी एक ऑपरेटर नेमायचा होता, कारखान्यातलाच. उमेदवार दोन. निवड माझ्या रिपोर्टवर.

दत्ता ठोंबरे टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, क्लार्क. वय सव्वीस, खालापूरचा, बोटं चपळ, तोंड त्याहून चपळ. त्याला ग्रेड वाढवून हवी होती.

भोईर काका कळंबचे. बावीस वर्षं फिटर. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले आणि पाठ गेली. वजन उचलायचं नाही, उभं राहायचं नाही. तेव्हापासून त्यांना टूल रूममध्ये स्टुलावर बसवलं होतं, पण ती टूल रूम आता मेन स्टोअरमध्ये जाणार होती आणि तिथे स्टूल नव्हतं. पर्सोनेल खात्याने त्यांना सांगून ठेवलं होतं: बसून करायचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर घरी. धाकटी मुलगी कर्जतला कॉलेजात होती. हे मला काकांनी नाही, ठोंबरेने सांगितलं.

दोघांनाही कीबोर्डची भीती होती. कार्डं भरायला उजवीकडचा आकड्यांचा चौकोन हाताखाली बसावा लागतो. माझ्या मावसभावाने फ्लॉपीवर एक गेम दिला होता. त्यात आपण एक पात्र बनायचं, एका जुन्या किल्ल्याच्या तळघरात उतरायचं, राक्षसांशी लढायचं, अगदी खालच्या मजल्यावरचा मुकुट शोधायचा. चालायचं ते त्याच आकड्यांनी: आठ वर, दोन खाली, चार डावीकडे, सहा उजवीकडे. म्हटलं, आठवडाभर हेच खेळू दे. नेट प्रॅक्टिस.

सुरुवातीला कॉम्प्युटर पात्राला अंगचे गुण देतो. ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे, फासे टाकल्यासारखे. आवडले नाहीत तर बटण दाबून परत टाकायचे. ठोंबरेने पाऊण तास तेच बटण दाबलं. ताकद अठरा आली तेव्हा थांबला. अठरा म्हणजे जास्तीत जास्त.

काकांनी एकदाच दाबलं. ताकद सात आली.

"काका, परत टाका," ठोंबरे म्हणाला.

"कशाला? आली ती आली." त्यांनी पुढची ओळ बोटाने दाखवली. "बाय, ह्ये काय लिवलंय?"

"करिस्मा. म्हणजे लोकांना आपलंसं करायची ताकद. तुम्हाला सोळा मिळालेत."

"बराबर हाय. पाठ गेलीय, त्वांड चालतंय."

ते मला 'बाय' म्हणाले हे माझ्या नंतर लक्षात आलं. बाकी सगळे मॅडम म्हणायचे.

मग पात्र निवडायचं होतं. ठोंबरेने लढवय्या घेतला. काकांनी पुजारी.

"पुजारी मरतो, काका. त्याला तलवार पण नाय."

"मला मारायचं नाय. खाली काय हाय ते बघायचंय."

दोन दिवसांत ठोंबरेने उंदरांवर इतके पॉइंट केले की पहिल्या तीन मजल्यांवरचे राक्षस त्याला बघून पळायचे. पुढची युक्ती त्याने स्वतः शोधली. गेममध्ये प्रत्येक नव्या पात्राला जन्मताच एक ढाल आणि एक औषधाची बाटली मिळते. ठोंबरेने दहा पात्रं बनवली, त्यांचं सगळं आपल्या लढवय्याला दिलं आणि दहाही पात्रं पुसून टाकली.

काका शेजारून बघत होते. "धा पोरं उभी केलीस?"

"हां."

"नागवलीस?"

"हां."

"आनि पुसलीस?"

"काका, ती खरी नायत."

"तुजा लढवय्या तरी कुठं खरा हाय?"

यावर ठोंबरेने थोडा विचार केला. "पण तो माझा हाय ना," तो म्हणाला.

काकांचा खेळ मला सुरुवातीला समजतच नव्हता. दुसऱ्या मजल्यावर एक देऊळ होतं आणि देवळात एक दानपेटी. ठोंबरे ती रोज उघडायचा. काका तिच्यावरून तीन वेळा गेले.

"उचला की, काका. कोन बघतंय?"

"पुजारी हाय मी."

"तुमी फिटर हाय."

"इथं पुजारी हाय."

मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. कळंबला जत्रेत गावचं नाटक होतं आणि त्यात कामं ठरलेली असतात. भोईरांच्या घरात प्रधान. वडलांनी केला, वीस वर्षं काका करताहेत. "राजा येकदा आपलं बोलणं विसरला. मला समदं पाठ. पर मी सांगितलं नाय. लोकांसमोर राजाला शिकवील तो प्रधान कसला? गप उबा ऱ्हायलो. मागं जो वही घिऊन बसतो त्यानं सांगितलं." मग पडद्याकडे बोट करून म्हणाले, "घ्येतलं काम ते नीट करावं. मंग ते उंदराचं का असंना."

शुक्रवारी पुजारी मेला. तिसऱ्या मजल्यावर एक जखमी म्हातारा पाणी मागतो. काकांकडे औषधाची एकच बाटली होती, ती त्यांनी त्याला दिली. म्हाताऱ्याने आशीर्वाद दिला, ज्याचा गेममध्ये काहीही उपयोग नाही, हे ठोंबरेला आधीच माहीत होतं. दोन खोल्यांपुढे काकांना साप चावला.

काका हात मांडीवर ठेवून बसून राहिले. 

ठोंबरेने ड्रॉवरमधून एक फ्लॉपी काढली. "घ्या. काल तुमच्या पुजाऱ्याची कॉपी काढून ठेवलीय. कालच्यापासून परत चालू करा."

कॉपी काढायची कमांड मी कोणालाच शिकवली नव्हती. मॅन्युअल वाचून तो स्वतः शिकला होता, लढवय्या मेला तर परत उठवायला. आणि मग काकांसाठीही काढून ठेवली होती, न सांगता.

काकांनी फ्लॉपी हातात घेतली, बघितली, परत दिली. "तुजं मन चांगलं हाय रं. पर मेला तो मेला." त्यांनी नवीन पात्र बनवलं. तेही पुजारी. आधीच्याचा भाऊ, म्हणाले.

पुढच्या सोमवारपासून खरी कार्डं सुरू केली, एक दिवस ठोंबरे, एक दिवस काका. आणि इथे मी एक गोष्ट केली, जी मला तेव्हा हुशारीची वाटली. गेममध्ये कोपऱ्यातला स्कोअर हलला की दोघंही खुर्चीत पुढे सरकायचे, हे मी बघितलं होतं. म्हणून मी माझ्या प्रोग्रॅममध्येही कोपऱ्यात एक आकडा ठेवला: आज किती कार्डं झाली. दिवस संपला की तो आकडा वहीत लिहायचा.

आपापल्या पहिल्या दिवशी ठोंबरे नव्वद, काका अकरा. आठवड्याने ठोंबरे एकशे चाळीस, काका अकराच.

काका एक कार्ड हातात घ्यायचे, खिडकीकडे धरायचे, डोळे मिटायचे. मग फोन उचलून वर्कशॉपला विचारायचे, "आरं गन्या, तीन नंबर वेल्डर मशिन बंद पडल्तं तवा शिफ्टला कोन हुता? त्याला इचार, पान्याच्या जाळीत चिखल हुता का." मग पलीकडून उत्तर यायला पंधरा मिनिटं.

"काका, कार्डावर आहे तेवढंच भरा," मी एकदा म्हटलं.

"कार्डावर लिवलंय, बेरिंग बदलली. ते मीच लिवलंय, बाय. बेरिंग का ग्येली ते लिवायला तवा येळ नव्हता."

ती खुर्ची त्यांना मिळावी असं मला वाटत होतं. पण वहीत आकडे होते, माझ्याच अक्षरात. रिपोर्टमध्ये मी काय लिहिणार होते? त्यांचा पुजारी चांगला होता म्हणून?

महिनाअखेरीला साहेब आले. वही बघितली. "यात विचार करण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. ठोंबरे भिंतीला टेकून उभा होता, खूश. काका पाठीमागे उशी घेऊन बसले होते.

"मला एक गोष्ट काढून द्या," साहेब म्हणाले. "तीन नंबरचा वेल्डर सारखा का बिघडतो? तो भंगारात काढावा असं हेड ऑफिसचं म्हणणं आहे."

मी कमांड दिली. प्रिंटर करकर करत सुरू झाला. कागदावर तारखा आल्या आणि प्रत्येक तारखेपुढे कारण: इतर. इतर. इतर. इतर.

माझ्या प्रोग्रॅममध्ये बिघाडाची नऊ कारणं होती. नववं 'इतर'. बाकी कोणतंही कारण टाकलं की प्रोग्रॅम आणखी चार प्रश्न विचारायचा. नऊ टाकलं की काहीच विचारायचा नाही, पुढचं कार्ड. ठोंबरेला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. जिना, उंदीर, जिना, उंदीर.

"हे काय आहे, ठोंबरे?"

"साहेब, कांप्युटरनी घेतलं. चूक असती तर घेतलं नसतं."

कागदाच्या शेवटी काकांची सहा कार्डं आली. बेअरिंग तापली, थंड करायचं पाणी कमी. बेअरिंग तापली, पाण्याच्या जाळीत चिखल. जाळीत चिखल. सहांपैकी पाच पावसाळ्यातली. नदीचं पाणी गढूळ होतं तेव्हाची.

साहेबांनी ती सहा परत वाचली. "म्हणजे मशीन चांगलं आहे."

"मशीन झ्याक हाय, साहेब," काका म्हणाले. "जाळी साफ कराय कोन जात नाय. ती खड्ड्यात हाय."

साहेब ठोंबरेकडे वळले. मी आत्तापर्यंत त्यांच्याशी सलग दोन वाक्यं बोलले नव्हते. तेव्हा बोलले, आणि आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"सर, चूक त्यांची नाही. आकडा मी ठेवला. आकडा कार्डांचा होता, कारणांचा नव्हता. नऊ नंबर सोपा मी केला. ते त्या आकड्यासाठी खेळले आणि जिंकले."

साहेबांनी वही मिटली. "मग नाव कोणाचं?"

"भोईर काकांचं."

"दिवसाला अकरा कार्डं. कधी संपणार?"

"दिवाळीपर्यंत, सर."

"कुठल्या दिवाळीपर्यंत?"

"ह्याच." मी हिशोब करून ठेवला होता.

साहेबांनी प्रिंटरमधून कागद फाडून घेतला, घडी करून खिशात ठेवला. "ठोंबरेची कार्डं परत भरायची. ती धरून सांगा."

ती धरली नव्हती. "होळी," मी म्हटलं. ते मान हलवून गेले.

काकांनी ठोंबरेच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, पण तो तोवर दारापाशी गेला होता. चपला घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, खरं कारण पाहिजे असं सांगितलं असतं, तर त्यात पण मी पहिला आलो असतो."

ते खरं होतं. मी तसं म्हणाले नाही, म्हणायला हवं होतं.

काका आता त्या खुर्चीवर आहेत. तीन नंबरचा वेल्डर चालू आहे. ठोंबरे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. नंतर मी नवीन प्रोग्रॅम लिहिला तेव्हा स्वतःच टाइम ऑफिसात गेले. मी सहसा कुठे जात नाही. त्याला म्हटलं, "यात कसं जिंकायचं ते शोधून द्या." त्याने दहा मिनिटांत तीन भोकं दाखवली. ती बुजवली, मग प्रोग्रॅम काकांना दिला. काकांनी विचारलं, "येवडी कारनं भरली, तर ह्ये वाचणार कोन?" ते कोणी ठरवलंच नव्हतं, म्हणून तो प्रोग्रॅम अजून माझ्याच टेबलावर आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात मी आता काही ठेवत नाही. साहेब विचारतात, दिवसाला किती झाली? मी सांगते, काका सांगतील.