एका दमात वळणारी गाडी

बिबवेवाडीच्या आमच्या गल्लीत छोटी पिकअप चालवणारे एक गृहस्थ राहायचे. दहावीत पहिल्या आलेल्या लेकीचं करावं तसं ते गाडीचं कौतुक करायचे. "अहो, चढाला कुरकूर नाही, खड्ड्यात आदळआपट नाही, आणि वळते तर अशी!"

गल्ली इतकी अरुंद, की बाकीचे सगळे रिव्हर्सनंच बाहेर पडायचे. हे मात्र रोज सकाळी एका दमात गाडी वळवायचे आणि खिडकीतून मान काढून वर बघायचे. मी गॅलरीत दात घासता घासता अंगठा दाखवायचो. त्याशिवाय स्वारी हलायचीच नाही.

परवा आमचं बिऱ्हाड त्यांनीच कर्वेनगरला हलवलं. कपाट, गाद्या मागे. पुढे त्यांच्याशेजारी मी, मांडीवर लोणच्याची बरणी.

"घट्ट धरू नका हो. गाडीचा अपमान होतो."

मी दोन्ही हात सोडले. स्पीडब्रेकर आला नि गेला, बरणी जागची हलली नाही! आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे खिदळलो.

सामान उतरलं. उद्यापासून ही गाडी आपल्या गॅलरीखाली वळणार नाही, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्यांनी इंजिन चालू केलं आणि मान बाहेर काढली.

"यातली तुमची गॅलरी कुठली?"

मी बोट दाखवलं.

"मग खाली काय करताय? जा की वर!"