तिकडे कोणी नाही रे

माणसानं आपल्या हौसेला नोकरीला लावू नये. घरची लाडकी म्हैस टांग्याला जुंपण्यासारखं आहे ते. दूधही जातं आणि टांगाही उलटतो. प्रमोदिनी खानझोडेला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण सांगितलेलं ऐकेल ती प्रमोदिनी कसली!

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे एका जुन्या लेआउटमध्ये तिचं घर आहे. सदरमधल्या एका विमा कचेरीत तिनं निम्मं आयुष्य कारकुनी केली. पण गल्लीत तिला कचेरीतल्या कामासाठी कोणी ओळखत नव्हतं. तिची ओळख म्हणजे भुताच्या गोष्टी. उन्हाळ्यात संध्याकाळी वीज गेली की आजूबाजूची पोरं, त्यांच्या आया, कधीकधी आयांच्या सासवासुद्धा हिच्या गच्चीवर जमत. प्रमोदिनी पदर खोचून बसे आणि असा आवाज काढी, की थोराड पोरंही आईच्या कुशीत तोंड घालत. स्वतः मात्र धीट. न्हाणीघरात साप निघाला तेव्हा तिनं दार ओढून घेतलं, सर्पमित्राला फोन केला आणि तो येईपर्यंत पोळ्या लाटत बसली.

तिचे दोन नियम होते. पहिला, ज्या घरात दिवा लागतो त्या घरात भूत सोडायचं नाही. भुतानं पडक्या गिरणीत राहावं, नाल्याकाठच्या चिंचेवर राहावं. नांदत्या घरात त्याचं काय काम? दुसरा नियम असा, की गोष्ट संपली की ती बांधायची. दावणीला गुरं बांधतात तशी. त्यासाठी लोखंड लागे, आणि ते लोखंड म्हणजे तिचे यजमान शरच्चंद्र यांचा अडकित्ता. टेलिफोन खात्यातला हा शांत माणूस बायकोच्या बाजूला खुर्ची टाकून सुपारी कातरत बसे, आणि गोष्ट अगदी ऐन रंगात आली की मुद्दाम मोठ्यानं कट्ट करी. सगळी पोरं दचकत आणि हे गालात हसत. गोष्ट संपली की अडकित्ता हातोहात फिरे. प्रत्येकानं त्याला बोट लावायचं आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं:

“गोष्ट खोटी, आपण खरे, तिकडे कोणी नाही रे!”

मग पोरं हसत जिना उतरत आणि अंधारातून एकटी घरी जात. खरंच जात. ती बांधणी तेवढी पक्की होती.

शरच्चंद्र कोरोनाच्या आदल्या वर्षी गेले. रविवारच्या दुपारी, आपल्या खोलीत, आपल्या वेताच्या खुर्चीत. मूलबाळ नव्हतं. प्रमोदिनीनं ती खोली जशीच्या तशी ठेवली. खुर्ची, टेबल, टेबलावर पितळी बशी आणि बशीत अडकित्ता. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ती तिथं बसे आणि दिवसभराचं सगळं सांगे. भाजीवाल्यानं सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट द्यायचं कसं बंद केलं, कचेरीत कोण कोणाशी भांडलं. ते ऐकतात की नाही, हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नाही. काही प्रश्न न विचारण्यातच शहाणपण असतं. त्या अर्ध्या तासाच्या जोरावर तिनं इतकी वर्षं काढली.

मग तिच्या भाचीनं, अबोलीनं, सहज गंमत म्हणून मावशीची एक गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली. ती गोष्ट कुठल्या कुठे गेली. पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांचं काम म्हणजे लोकांना कानानं ऐकायच्या मालिका पुरवणं. आठवड्याला तीन गोष्टी द्यायच्या, त्याही भुताच्याच, आणि पगार कचेरीपेक्षा बरा. प्रमोदिनीनं राजीनामा दिला तेव्हा साहेब म्हणाले, “मॅडम, विचार करा.” ती म्हणाली, “सर, जे मी फुकट करून राहिली होती त्याचे आता पैसे भेटून राहिले. यात विचार काय करायचा?”

काम दुपारी चाले. नागपूरच्या उन्हाळ्यात बारानंतर रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, त्यामुळे बाहेरचा आवाज येत नसे. पण कूलरचा आवाज येई, म्हणून तो बंद करावा लागे. बंद खिडक्या, बंद कूलर, समोर माइक आणि घामानं निथळणारी एकटी बाई. समोर ना पोरं, ना त्यांचे विस्फारलेले डोळे. तरी सुरुवातीचे दिवस मजेत गेले.

पहिला खटका उडाला तो बांधणीवरून. पुण्याहून काम बघणारी नूपुर नावाची मुलगी होती, गोड बोलणारी. ती म्हणाली, “मॅडम, ते शेवटचं ‘गोष्ट खोटी’ आम्ही कापतोय हं. सगळं खोटं म्हटलं की लोक पुढचा भाग ऐकत नाहीत. भीती त्यांच्याबरोबर घरी जायला हवी.”

प्रमोदिनीला ते रुचलं नाही, पण पगार घेणाऱ्यानं किती ताणायचं? तिनं म्हणणंच सोडून दिलं. अडकित्त्याला बोट लावायलाही कोणी नव्हतं. गोष्ट सांगायची, माइक बंद करायचा, दारं उघडायची. गोष्टी मोकळ्याच राहू लागल्या.

आठवड्याला तीन म्हणजे काय चेष्टा आहे? जन्मभराची पुंजी दिवाळीपर्यंत आटली. गिरण्या संपल्या, चिंचा संपल्या, नाले संपले. तेव्हा तिनं पहिला नियम जरासा वाकवला आणि गांधीबागेतल्या एका कापडाच्या गोदामात भूत ठेवलं. दुकानाचं नाव घेतलं नव्हतं, पण जिन्याचं वर्णन जरा जास्तच हुबेहूब झालं. चार दिवसांनी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला. “बाई, माझे हमाल माडीवर चढून नाही राहिले. तुम्ही काय करून ठेवलं हे?” प्रमोदिनी ओशाळली. तिनं ठरवलं, आता दुसऱ्याच्या घरात भूत सोडायचं नाही. सोडायचंच तर आपल्या घरात. आपण कशाला भितो!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिल्यांदा माळ्याचा नंबर लागला. माळ्यावर पालथं झोपून खाली बघणारी बाई तिनं रचली, आणि गोष्ट फार छान झाली. दोन दिवसांनी लोणच्याची बरणी काढायला तिनं स्टूल लावलं, एक पाय ठेवला, वर पाहिलं आणि पाय परत खाली घेतला. त्या आठवड्यात तिनं लोणचं विकत आणलं. मग मागच्या न्हाणीघरावर गोष्ट झाली आणि ती पुढच्या मोरीत अंघोळ करू लागली. मग गच्चीच्या जिन्यावर झाली आणि कपडे खिडकीत वाळू लागले. एकेका गोष्टीनं घर लहान होत चाललं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो हे खरं. पण इथं बाईनं त्याला आधी हातानं घडवलं होतं आणि मग त्याला भ्यायला सुरुवात केली होती. हसावं की रडावं तिला कळेना. कोणाला सांगायची सोय नव्हती. भूतवाली मावशी भुताला भिते, हे गल्लीत कळलं असतं तर लोकांनी दातच काढले असते.

फक्त शरच्चंद्रांच्या खोलीत भीती नव्हती. तिथं चहा घेऊन बसलं की काळीज जागेवर येई.

आणि एप्रिलमध्ये नूपुर म्हणाली, “मॅडम, आता काहीतरी अगदी जवळचं हवंय. तुमच्या आतलं.”

त्या दुपारी प्रमोदिनीकडे काहीही नव्हतं. माइक चालू होता, ऊन तापलं होतं, डोकं भणभणत होतं. तिनं तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते असं: एका घरात एक बंद खोली आहे. खोलीत वेताची खुर्ची. भर दुपारी तिथून सुपारी कातरल्याचा आवाज येतो. घरातली बाई जाऊन बघते तर खुर्चीत कोणी नाही, पण बशीत कातरलेले तुकडे पडलेले. ती तुकडा उचलते, तर ती सुपारी नसते. नख असतं. बाई आपल्या हाताकडे बघते आणि तिच्या करंगळीला नख नसतं.

माइक बंद केला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण कोणाला खुर्चीत बसवलं. ज्या माणसानं जन्मात मुंगीला दुखवलं नाही, त्याला. तिला स्वतःची किळस आली. रात्री तिनं नूपुरला फोन लावला, “ही गोष्ट नका टाकू.” पण गोष्ट संध्याकाळीच लोकांपर्यंत गेली होती. आजवरच्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत जास्त ऐकली गेली.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ती खोलीच्या दाराशी गेली. आतून कट्ट असा आवाज आला.

कप हातातून पडला नाही, पण बशीत निम्मा चहा सांडला. तिनं दार लोटून कडी घातली आणि स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी राहिली. उन्हानं लाकूड तडकलं असेल, पाल असेल, काहीही असेल. हे सगळं तिला कळत होतं. कळून काय उपयोग? तिची पाचावर धारण बसली होती. ती पुन्हा पुन्हा आपली करंगळी बघत होती.

त्या दिवसापासून रोज दुपारी, कूलर बंद झाला की, तो आवाज येऊ लागला. कधी एकदा, कधी थांबून थांबून. ती माइकसमोर बसे आणि कान त्या खोलीकडेच लागलेले असत. चहा स्वयंपाकघरात उभ्यानं होऊ लागला. आणि भीतीपेक्षाही वाईट गोष्ट ही, की ज्याच्याजवळ ही भीती सांगितली असती त्याचीच भीती वाटत होती. ती खोली परत मिळाली नाही तर आपण जगायचं कसं, हे तिला समजेना. नूपुरचा रोज निरोप येत होता. खुर्चीचा दुसरा भाग कधी देताय?

घरात भांडी-झाडूला शोभाताई यायच्या. गच्चीवरच्या गोष्टी त्यांनी पोरगी कडेवर घेऊन ऐकलेल्या. एक दिवस झाडू घेऊन त्या कडी घातलेल्या दारापाशीच थांबल्या.

“बाई, मी नाही जात अंदर. मले भेव लागते.”

“कशाचं भेव?” प्रमोदिनीनं उसनं अवसान आणून विचारलं.

“पोरीनं मोबाइलवर ऐकवली ना मले खुर्चीची गोष्ट. साहेबाची खुर्ची मी नाही ओळखणार काय? अन तुमी तरी कुठं जाऊन राहिल्या अंदर? धूळ दिसते ना मले कडीवर.”

प्रमोदिनी मटकन स्टुलावर बसली. इतक्या दिवसांचं सगळं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. माळा, न्हाणीघर, जिना, कट्ट. शोभाताईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं:

“पण बाई, तुमी गोष्ट बांधून काहून नाही राहिल्या? पहिले तर बांधत होत्या.”

बांधत होत्या. प्रमोदिनी उठली, ओट्यावरची लोखंडी सांडशी घेतली आणि माळ्याखाली जाऊन उभी राहिली. दोघींनी सांडशीला बोट लावलं. तिचा आवाज कापत होता, पण ती म्हणाली. “गोष्ट खोटी, आपण खरे, तिकडे कोणी नाही रे.” शोभाताई स्टुलावर चढल्या आणि बरणी घेऊन उतरल्या. न्हाणीघरात तिचा आवाज मोठा झाला. गच्चीच्या जिन्यावर दोघी पोरांसारख्या ओरडल्या आणि हसत सुटल्या. कितीतरी दिवसांनी ती गच्चीवर उभी राहिली. ऊन रणरणत होतं, तरी तिला बरं वाटलं.

“आता साहेबाची खोली,” शोभाताई म्हणाल्या.

कडी काढली. खोलीत उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत धूळ होती. आतून कट्ट असा आवाज आला. शोभाताईंनी तिचा दंड घट्ट धरला. प्रमोदिनी सांडशी दारात ठेवून एकटी आत गेली, टेबलापाशी पोचली आणि बशीतल्या अडकित्त्यावर तिनं बोट ठेवलं. लोखंड गरम होतं.

“गोष्ट खोटी,” ती म्हणाली. “आपण खरे.”

आणि तिथंच तिची जीभ अडली.

माळ्यावर कोणी नाही म्हणायला काय जातं? न्हाणीघरात कोणी नाही, बरं झालं. पण इथं? पुढचे शब्द इथं म्हणायचे, याच खुर्चीकडे बघून, याच अडकित्त्याला बोट लावून? मग भाजीवाल्याचं कोणाला सांगितलं होतं? इतक्या संध्याकाळी कोण ऐकत होतं? जो प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारला नव्हता, तो आता समोर उभा होता, आणि त्याची भीती नखांच्या भीतीपेक्षा मोठी होती. तिला वाटलं, राहू दे. आवाज येतोय तर येऊ दे. निदान कोणीतरी आहे. मग तिला बशीतली नखं आठवली. शरच्चंद्रांना असं नखं कातरत खुर्चीत बसवून ठेवायचं?

“म्हणा ना बाई,” दारातून शोभाताई म्हणाल्या.

प्रमोदिनीनं डोळे मिटले.

“तिकडे कोणी नाही रे.”

खोली शांत झाली. ती कान देऊन उभी राहिली. रस्त्यावरून एक स्कूटर गेली, शेजारी नळाला पाणी आलं. आवाज काही आला नाही. ती खुर्चीत बसली. वेत करकरला, जसा कोणत्याही जुन्या खुर्चीचा करकरतो. तेवढ्यात मोबाइल वाजला. नूपुर होती.

“दुसरा भाग नाही होणार, नूपुर,” प्रमोदिनी म्हणाली. “तिथं कोणीच नाही.” आणि तिनं फोन ठेवला.

शोभाताई झाडू घेऊन आत आल्या. त्यांनी खिडकी उघडली, टेबलाखालून केर काढला, बशी पदरानं पुसली. मग त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं.

“भेव गेलं ना बाई?”

“गेलं.”

“मंग रडून काहून राहिल्या?”