चार व्हॉल्व्ह आणि टॉवेल-टोपी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर मुळीच नाही — रेडिओ तिच्या माहेरचा. तुम्ही आमच्या पाहुण्यांत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्त झालो आणि हात शिवशिवायला लागले. घरातला मिक्सर, शेजाऱ्यांचा गीझर — काही म्हणून सोडलं नाही. तशात पिशोरला सासऱ्यांच्या घरी, धान्याच्या पोत्यांमागं एक जुना रेडिओ सापडला. गावात वीज नव्हती तेव्हाचा, बॅटरीवरचा, आत बल्बसारखे काचेचे चार व्हॉल्व्ह. त्याची विटेएवढी बॅटरी बाजारात मिळेनाशी झाली आणि तो मुका झाला. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "डोळं मिटायच्या आधी येकदा वाजलेला ऐकला आसता." मी छाती फुगवून म्हणालो, "आठ दिवसांत वाजवतो." कुणी सांगितलं होतं मला?

या रेडिओला दोन तऱ्हेची वीज लागते. व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्ट, म्हणजे टॉर्चचा एक सेल. बाकी कामाला नव्वद. नऊ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या मी एकापुढं एक जोडल्या — इथपर्यंत मी हुशार होतो. रेडिओच्या मागून चार तारा आलेल्या, धुळीनं सगळ्यांचा रंग एकच झालेला. कोणती कशाची, हे मीटरनं तपासायला दोन मिनिटं लागतात. मीटर हाताशी होतं. पण तीस वर्षांचा अनुभव! अंदाजानंच जोडलं.

चारही व्हॉल्व्ह लख्ख पेटले. क्षणभर मला आनंदच झाला — खोटं कशाला बोलू? मग विझले. चारही, कायमचे. दीड व्होल्टच्या जागी नव्वद गेले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

सगळे अंगणातून आत आले, तेव्हा खरं बोलता आलं असतं, नाही का? आबा रागावलेही नसते. पण तोंडातून भलतंच निघालं — "पूर्वीच कुणीतरी तारा चुकीच्या जोडल्यात, आबा. व्हॉल्व्ह तेव्हाच जळलेत." जावयाच्या शब्दावर आमच्याकडं कुणी शंका घेत नाही. आबांनी मान वळवली ती थेट धाकट्या भावाकडं. घरात काही मोडलं की संशय तुकारामकाकांवर, ही जुनीच वहिवाट.

आणि काकांनी — सत्तरी ओलांडलेल्या माणसानं — दोन्ही कान धरले. "दादा, म्याच हात लावला व्हता. माफ कर." रेडिओ बंद पडल्यावर, आबा वैजापूरला गेले असताना, त्यांनी तो खरंच उघडला होता. तारा इकडच्या तिकडं केल्या होत्या, आणि पन्नासेक वर्षं ते पोटात ठेवलं होतं. संपलेल्या बॅटरीनं काय जळणार? काहीच नाही. पण हे तिथं एकट्या मला माहीत होतं. आबा म्हणाले, "तरीच! मला तवाच वाटलं व्हतं." मी काय केलं? चहा प्यालो.

दुसरे व्हॉल्व्ह शहागंजात जुन्या सामानाच्या एका चाचांकडं मिळाले. त्यांनी माझे जळके व्हॉल्व्ह उजेडाला धरले, मग मला न्याहाळलं. "चारों एकदम गए? तारां उलटे जोडे क्या, मियाँ?" मी म्हणालो, गाववालों ने. चाचा गालात हसले. "हां, गाववालेच जोडते."

या वेळी मीटर तीनदा लावलं. पिशोरला रेडिओ वाजला, शेतीचा कार्यक्रम लागला आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तुकारामकाका उठले. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी — भर बैठकीत माझा सत्कार! "जावई, माझं पाप तुमी निस्तारलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपी मात्र अगदी मापाची होती.

म्हातारा माझं पाप डोक्यावर घेऊन फिरतोय आणि मी त्याची टोपी. लाज वाटते, फार वाटते. तरी गप्प राहिलो — भित्रा म्हणून, दुसरं कारण नाही.

आजही पिशोरला गेलो की रेडिओ लागतो. आबा जवळ बसतात. काका चार हात लांब, तळवे मांडीखाली दाबून. स्टेशन सरकलं, खरखर सुरू झाली की आबा ओरडतात, "तुका, तू हात लावू नगं!" काका माझ्याकडं बघतात. आणि मी उठून बटण फिरवतो.