उलटं चित्र

शाळेच्या प्रदर्शनात संस्थेच्या अध्यक्षांनी माझं चित्र भिंतीवरून काढलं आणि भर हॉलमध्ये उलटं टांगलं. "आता सांगा, काही फरक पडला का?" शिक्षक हसले, पालक हसले, फोटोवालाही हसला. मग ते माझ्याकडं वळले. "सरळ कोणतं अन् उलटं कोणतं, हे बाईला तरी माहीत हाय का?"

मी म्हणाले, "कसंही चालतं, सर."

खोटं बोलले. सरळ बाजू मला पक्की माहीत होती.

जालन्यातल्या त्यांच्या शाळेत मी तासिकेवर चित्रकला शिकवत होते. कायम करणं त्यांच्या हातात. म्हणून पाच वर्षं ते सांगतील ते काढलं. त्यांच्या वडिलांचं तैलचित्र, गॅदरिंगचे पडदे, त्यांच्या मुलीच्या लग्नात दारातली रांगोळी. माझ्या स्वतःच्या चित्रांत मात्र माणूस नाही, झाड नाही, देव नाही. काळ्या पेनाचे ठिपके आणि रेषा. खाली दाट ठिपके, मध्ये मोकळी पट्टी, वर थोडे विखुरलेले. ती चित्रं शाळेत पहिल्यांदाच लागली होती.

मागच्या खुर्चीवरून माझी आई उठली. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत टेबलावर बी निवडण्यात तिचा जन्म गेला. सभेत ती कधी बोललेली नाही.

"उलटं हाय ते," ती म्हणाली.

"मावशी, तुम्हाला काय दिसून राह्यलं त्याच्यात?"

"आमचं बी निवडायचं टेबल हाय ते. चांगलं बी आपल्याकडं वढायचं, किडकं पुढं लोटायचं. हितं समदं चांगलंच पुढं लोटलंय. अशा बाईला पहिल्याच दिवशी घरी धाडतेत."

मला लाज वाटली. तिची नव्हे, माझी. चित्रं मी तिला कधी दाखवलीच नव्हती. हिला काय कळणार, असं मलाही वाटायचं. अगदी अध्यक्षांसारखंच.

अध्यक्ष हरणारे नव्हते. "मंग मावशीलाच काढ ना! डोक्यावर पदर, हातात बी, डोळ्यांत पाणी. तुमच्या लोकांनी तुमचं दुःख काढावं, ते शोभतं. ह्या रेघोट्या पोट भरलेल्यांचं खूळ. काढून दे, जूनमध्ये तुझी कायमची ऑर्डर काढतो."

डोळ्यांत पाणी! कामावर आईची नजर अशी तिखट असायची की सुपरवायझर बिचकून राहायचा. ह्या माणसाला ती रडकीच हवी होती. भिंतीवर टांगायला.

मी स्टुलावर चढले. चित्र सरळ केलं.

"काढणार न्हाई," म्हणाले. "तुमच्या वडिलांचं काढलं, तेवढं बास झालं."

जूनमध्ये माझ्या जागी दुसरी बाई आली. मी सकाळी शिकवण्या घेते, दुपारी चित्रं काढते. प्रत्येक चित्र आधी आईसमोर ठेवते. ती नावं ठेवते, भांडते, कधी नुसतीच मान हलवते.

चित्र मागायला येतात त्यांना आधीच सांगते, खिळा मी ठोकणार. उलटं टांगलं तर काढून घरी नेणार. मग तो अध्यक्ष असो की मंत्री.

कसंही चालत नाही.