नेपच्यूनला बोलवायला आलेली

शीतलच्या शेवटच्या मेसेजवर माझी ब्लू टिक आहे. उत्तर नाही.

आता लिहिलं तरी वाचायला ती नाही. काल सकाळी गेली. आठ दिवसांचा डेंग्यू. तेवीस वर्षांची पोरगी.

बॅचच्या ग्रुपवर सगळे हात जोडायलेत. मला ते जमेना. म्हणून इथं लिहितोय.

आमच्या ताडकळसच्या शाळेत सातवीला विज्ञानाच्या सरांनी सूर्यमाला फळ्यावर काढलीच नाही. म्हणाले, फळ्यावर काढली की खोटी होते, चला बाहेर.

मैदानात व्हॉलीबॉल ठेवला. तो सूर्य.

पृथ्वी म्हणजे बाजरीचा दाणा, चाळीस पावलांवर. गुरू म्हणजे एक बोर, ते थेट शाळेच्या गेटाबाहेर.

ज्याच्या हातात जो ग्रह, त्यानं तेवढी पावलं मोजत जायचं आणि तिथंच उभं राहायचं.

शेवटी सरांच्या मुठीत दोन हरभरे उरले. जवळपास सारखेच. एक शीतलला, एक मला. ती युरेनस, मी नेपच्यून.

ती पिठाच्या गिरणीपाशी थांबली. मी तिच्याही पुढं चारशे पावलं, कॅनॉलच्या पुलावर.

सगळ्यात लांब मलाच पाठवलं म्हणून मी आधीच तापलेलो. तिथून सूर्य सोडा, शाळासुद्धा दिसत नव्हती. दिसत होती फक्त शीतल. एवढीशी.

तास संपला. बाकीचे ग्रह आपापलं दप्तर घेऊन घरी गेले. मला घंटा ऐकूच आली नाही. सरही विसरले.

मी मुठीत हरभरा धरून तसाच उभा. रडायच्या बेतात, पण रागानं.

तेवढ्यात ती चालत आली.

"शाळा सुटली की. इथं काय करायलास?"

"मला कुणी बोलावलं न्हाई."

"अवकाशात आवाज जात न्हाई, सरांनी कालच शिकिवलं. म्हणून चालत आले."

मी त्याच पुलावर, त्याच मिनिटाला गेलो कामातून. सातवीत. हसा खुशाल.

पुढं परभणीच्या कॉलेजला दोघंही B.Sc. ला. एकच बस.

खिडकीला डोकं टेकवून ती मला विश्वाची सुरुवात समजावून सांगायची. म्हणायची, आधी सगळं एकदम जवळ जवळ होतं, दाटीवाटीनं, लय गरम. मग जागाच पसरत गेली आणि सगळं एकमेकांपासून लांब जायला लागलं.

मी म्हणालो, म्हणजे तेव्हा तू आणि मी शेजारीच.

ती म्हणाली, "आधी फिजिक्सचा बॅकलॉग काढ."

दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलला एक पोरगा तिच्याबद्दल घाण बोलला. मी स्टूल उचलून घातलं. त्याच्या डोक्याला टाके पडले.

कॉलेजनं माफीनामा मागितला. मी लिहिणार नाही म्हणालो. तर शीतलनंच माझ्या नावानं लिहून आणला. नुसती सही करायची होती.

मी तिच्या समोर फाडला. म्हणालो, तुझ्यासाठी मारलं आणि तूच मला वाकायला लावतेस.

ती एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी न्हाई मारलंस. तुझ्या रागासाठी मारलंस."

त्या दिवसापासून कॉलेज बंद. तिच्याशी बोलणं बंद. सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर लागलो. मनातलं तिला कधी सांगितलंच नाही. तिला माहीत होतं, हे मला माहीत होतं. बस, तेवढंच.

ती B.Sc. झाली आणि आपल्याच शाळेत तासिकेवर शिकवायला लागली.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. दोन वर्षांनी.

"उद्या सातवीला सूर्यमाला घ्यायची हाय. पुलापर्यंत जायला एक पण पोरगं तयार न्हाई. येतोस का?"

मी वाचला. मला वाटलं, दोन वर्षांनी आठवण आली ती पण रिकामी जागा भरायला. फोन खिशात टाकला.

सेलू ते ताडकळस. लय लांब न्हाई हो. सुट्टी पण मिळाली असती.

काल सरणापासून लांबच उभा राहिलो. घरच्यांच्या जवळ जायला मी कोण?

रिटायर झालेले आमचे सर तिथं होते. माझ्याकडं बघत बघत आले. नाव आठवलं नाही त्यांना.

"दुसरा हरभरा तू ना रे?"

मी मान हलवली.

मग त्यांनीच सांगितलं. सूर्यमालेच्या त्या दिवशी शीतलनं त्यांना पण बोलावलं होतं. आठच्या आठ ग्रहांसाठी पोरं असताना तिनं सातच उभी केली. पुलावरची जागा मोकळी ठेवली.

एका पोरीनं विचारलं, मॅडम, शेवटचा ग्रह कुठं गेला?

शीतल म्हणाली, "तो लय रागीट हाय. पण लांब असला तरी सुटून जात न्हाई. येतोय."

म्हणजे पोरं होती. जागा भरायला तिला मी लागत नव्हतो.

सर हे सांगून गेले आणि मी तिथंच खाली बसलो.

आज कामावर गेलो नाही. एक हरभरा घेतला आणि पुलावर जाऊन उभा राहिलो. आज घंटा ऐकायचीच म्हणून कान देऊन होतो. तरी ऐकू आली नाही. पोरं सायकलवरून घराकडं जायला लागली तेव्हा कळलं.

थांबलो थोडा वेळ. गिरणीकडच्या रस्त्याकडं बघत.

मग मीच निघालो. चारशे पावलं मोजत. तेव्हा ती जशी आली होती, तसा उलटा.

गिरणीपाशी तिच्या जागेवर हरभरा ठेवला.

शीतल, उत्तर द्यायला उशीर केला. रागात होतो. माफीनामा समज, आणि या वेळी सही माझी आहे.

शाळा सुटली गं. तुला बोलवायला आलतो.